रस्ते अपघातांचे आकडे आणि रिग्रेशन : आपल्या जिल्ह्याचा अभ्यास स्वतः कसा करायचा

२०२२ साली तमिळनाडूत ६४,१०५ रस्ते अपघात नोंदले गेले आणि उत्तर प्रदेशात ४१,७४६. मृत्यू मात्र तमिळनाडूत १७,८८४ झाले आणि उत्तर प्रदेशात २२,५९५. दर शंभर अपघातांमागे तमिळनाडूत २८ माणसं गेली, तर उत्तर प्रदेशात ५४. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू झाले, म्हणजे शंभरामागे ४६.

आता हेच मृत्यू २०११च्या जनगणनेतल्या लोकसंख्येने भागा. लाखामागे तमिळनाडूत जवळपास २५, महाराष्ट्रात साडेतेरा आणि उत्तर प्रदेशात अकराच्या थोडं वर असे आकडे येतात. लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे, त्यामुळे खरे दर याहून थोडे कमी असतील, पण क्रम पाहा. एकूण मृत्यूंत उत्तर प्रदेश पहिला, एकूण अपघातांत तमिळनाडू पहिला, शंभर अपघातांमागच्या मृत्यूंत पुन्हा उत्तर प्रदेश पुढे आणि लोकसंख्येमागे तेच राज्य तिघांत शेवटी. आकडे तेच असताना बातम्या चार तऱ्हेच्या होऊ शकतात.

रिग्रेशन म्हणजे एखाद्या गोष्टीवर एका कारणाचा परिणाम किती, हे बाकीची कारणं तेवढीच धरून आकड्यांवरून काढायची रीत. ती शिकण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते. अपघाताचा आकडा म्हणजे पोलिसांच्या दप्तरात नोंदला गेलेला अपघात. दोन दुचाक्या घासल्या, खरचटलं, भरपाईवर मिटलं, तर नोंद होत नाही. कुठे अशा किरकोळ अपघातांचीही नोंद होते, तर कुठे माणूस गेल्याशिवाय कुणी ठाण्याची पायरी चढत नाही. मृत्यू लपवणं त्या मानाने अवघड असतं. जिल्ह्याजिल्ह्यांची किंवा राज्याराज्यांची तुलना करायची असेल तर मृत्यू घ्या, एकूण अपघात घेऊ नका. या एका निवडीने निम्म्या चुका टळतात.

हा लेख जिल्हा वार्ताहर, संख्याशास्त्र किंवा समाजकार्य शिकणारे विद्यार्थी, रस्ता सुरक्षेसाठी काम करणारे कार्यकर्ते आणि हायवेलगतच्या ज्या गावांत दरवर्षी माणसं अपघातांत मरतात तिथले लोक यांच्यासाठी आहे. गणित बारावीपर्यंतचं पुरतं. लॅपटॉप हवा आणि धीर हवा.

प्रश्न आधी कागदावर

‘अपघात का होतात?’ या प्रश्नाला रिग्रेशन उत्तर देऊ शकत नाही. त्याला नेमका प्रश्न लागतो. उदाहरणार्थ : ‘आमच्या जिल्ह्यात ऊस गाळप हंगामाच्या महिन्यांत, बाकी सगळं तेवढंच धरलं तर, रस्त्यावरचे मृत्यू जास्त होतात का, आणि होत असतील तर किती?’ या वाक्यात मोजायची गोष्ट आहे (दरमहा मृत्यू), जिचा परिणाम तपासायचा ती गोष्ट आहे (गाळप हंगाम) आणि ‘बाकी सगळं तेवढंच धरलं तर’ ही अट आहे. रिग्रेशनचं सगळं काम त्या अटीत असतं.

प्रश्न लिहून झाला की त्याखाली लिहा : उत्तर ‘हो’ आलं तर मी काय मागणार? उसाच्या ट्रॉल्यांना मागे परावर्तक पट्ट्या, रात्री रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्यांवर कारवाई, कारखान्याच्या फाट्यावर दिवे. उत्तर ‘नाही’ आलं तर काय मागणार, तेही लिहा. दोन्ही उत्तरांनी काहीच बदलणार नसेल तर प्रश्न बदला.

आकडे मिळवणं

देशाचे आणि राज्यांचे आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात मिळतात. जिल्हानिहाय आकड्यांसाठी राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे जा. त्याहून बारीक, म्हणजे ठाणेनिहाय आणि महिनानिहाय माहिती हवी असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, शुल्क १० रुपये. अर्जात ‘अपघातांची सर्व माहिती’ असं लिहू नका. ‘जानेवारी २०१५ ते डिसेंबर २०२४, ठाणेनिहाय व महिनानिहाय प्राणांतिक अपघातांची संख्या आणि मृतांची संख्या’ एवढंच मागा. मृतांची नावं आणि पत्ते मागू नका. अभ्यासाला ते लागत नाहीत आणि घरच्यांचं दुःख आपल्या फाइलीत ठेवायचं कारण नाही.

आकडे हातात आले की पहिली तपासणी हद्दीची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय ऑगस्ट २०१८मध्ये पुणे शहर आणि पुणे ग्रामीणची ठाणी घेऊन सुरू झालं. मीरा-भाईंदर, वसई-विरारचं २०२०मध्ये. कुणी पुणे ग्रामीणचे २०१७ आणि २०१९चे आकडे शेजारी ठेवले तर मृत्यू एकदम घटलेले दिसतील, पण त्यातली बरीचशी माणसं नुसती दुसऱ्या आयुक्तालयाच्या रकान्यात गेलेली असतील. यावर उपाय एकच, जुन्या आणि नव्या हद्दी एकत्र करून मोठा तुकडा घ्यायचा. पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड यांची बेरीज सगळ्या वर्षांत एकच भूभाग दाखवते.

दुसरी तपासणी मृत्यूच्या व्याख्येची. मंत्रालयाच्या अहवालात अपघातानंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू हा अपघाती मृत्यू धरला जातो. पोलिसांची नोंद अपघात घडला त्या ठिकाणाची असते, तर जन्म-मृत्यू नोंदणीतली नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणाची. बीडजवळ जखमी झालेला माणूस छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मरण पावला, तर दोन दप्तरं दोन वेगळे जिल्हे दाखवतील. दोन्हींतले आकडे एका तक्त्यात मिसळू नका, नाहीतर मोठं सरकारी रुग्णालय असलेला प्रत्येक जिल्हा धोकादायक ठरेल.

भाजक कोणता?

२०२२च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ आहे. मोठा आणि काळजाला लागणारा आकडा आहे. पण हेल्मेटने जीव वाचतो की नाही, हे एकट्या या आकड्यातून सिद्ध होत नाही, कारण रस्त्यावर विनाहेल्मेट किती जण फिरत होते हे त्यात नाही. हेल्मेट वाचवतं हे दुसऱ्या, नीट मांडलेल्या अभ्यासांतून कळलेलं आहे. आपल्या जिल्ह्यापुरतं काही सांगायचं असेल तर चौकात उभं राहून मोजणी करावी लागेल : सकाळी, दुपारी आणि रात्री, चालकाने आणि मागे बसलेल्याने हेल्मेट घातलं आहे का. मोजणीच्या वेळा आणि जागा आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा. सोयीच्या चौकात सोयीच्या वेळी केलेली मोजणी सोयीचंच उत्तर देते.

महिनावार किंवा जिल्हावार अभ्यासाला भाजक म्हणून लोकसंख्या, नोंदणीकृत वाहनं, रस्त्यांची लांबी, इंधनविक्री किंवा टोलनाक्यावरची वाहनसंख्या यांपैकी काहीतरी लागतं. माझ्या मते हायवेच्या एखाद्या टप्प्यासाठी टोलची मोजणी सगळ्यांत विश्वासाची आणि संपूर्ण जिल्ह्यासाठी इंधनविक्री त्यातल्या त्यात बरी. वाहननोंदणी मात्र फसवी. भंगारात गेलेली वाहनं नोंदीत राहतात आणि एमएच-१२ पाटीची गाडी वर्षानुवर्षं साताऱ्यात धावते.

इथे एक जुना अभ्यास माहीत असायला हवा. १९४९मध्ये ब्रिटनच्या आर. जे. स्मीड यांनी १९३८चे २० देशांचे आकडे घेऊन रस्त्यावरचे मृत्यू, वाहनसंख्या आणि लोकसंख्या यांचं समीकरण बसवलं. त्यात मृत्यू हे वाहनसंख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतात. वाहनं दुप्पट झाली तर मृत्यू दुप्पट होत नाहीत, सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात. म्हणजेच दर दहा हजार वाहनांमागचे मृत्यू आपोआप सुमारे ३७ टक्क्यांनी घटतात. हे समीकरण आज प्रत्येक देशाला लागू पडतं असं नाही, पण त्यातला इशारा कामाचा आहे. ‘वाहनांमागे मृत्यूदर घटला’ हे वाक्य कुणी प्रगतीचा पुरावा म्हणून पुढे केलं की विचारा, तेवढ्याच काळात माणसं किती मेली? वाहनं वाढली की हा दर काही न करताही उतरतो आणि स्मशानात जाणाऱ्यांची संख्या चढतच असते.

तक्ता आणि आलेख

एक ओळ म्हणजे एका पोलीस घटकाचा (ठाणं, जिल्हा किंवा आयुक्तालय) एक महिना. रकाने असे : वर्ष, महिना, घटक, मृत्यू, भाजक आणि मग कारणं. गाळप हंगाम चालू असेल तर १, नसेल तर ०. पावसाचे दिवस किती, शनिवार-रविवार किती, लग्नाच्या तिथी किती.

सणांना वेगळा रकाना द्या, नुसत्या महिन्यावर भागवू नका. गणेश चतुर्थी २०२२ला ३१ ऑगस्टला होती आणि २०२३ला १९ सप्टेंबरला. कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रीघ एका वर्षी ऑगस्टच्या शेवटी, दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यात. महिन्याचा रकाना हे पकडू शकत नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी ‘त्या महिन्यातले गणपतीच्या प्रवासाचे दिवस’ असा रकाना केलाच पाहिजे. सोलापूरसाठी तसाच आषाढी वारीचा. २०२० आणि २०२१मधल्या टाळेबंदीच्या महिन्यांना स्वतंत्र खूण करा, ते महिने इतर कशातही मिसळू देऊ नका.

मग कोणतंही गणित न करता आलेख काढा. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर मृत्यू. उठून दिसणारा प्रत्येक बिंदू मूळ कागदाशी ताडून पाहा. एखाद्या महिन्यात शून्य असेल तर खरंच कुणी गेलं नाही की माहितीच आली नाही, हे ठाण्यात फोन करून विचारा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते मी कुणालाच सोडू देणार नाही.

सरावासाठी ब्रिटनचे १९२ महिने

स्वतःच्या जिल्ह्याआधी एका स्वच्छ माहितीवर हात बसवा. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यात ‘सीटबेल्ट्स’ नावाचा तक्ता आधीपासून असतो. ग्रेट ब्रिटनमधले जानेवारी १९६९ ते डिसेंबर १९८४ असे १९२ महिने त्यात आहेत : मृत कारचालक, मृत किंवा गंभीर जखमी झालेले पुढच्या व मागच्या आसनावरचे प्रवासी, गाड्यांनी कापलेलं अंतर, पेट्रोलचा भाव आणि कायदा लागू होता की नाही. तिथे पुढच्या आसनांवर पट्टा ३१ जानेवारी १९८३पासून सक्तीचा झाला.

पहिल्या वर्षाचे मृत चालक पाहा : १०७, ९७, १०२, ८७, ११९, १०६, ११०, १०६, १०७, १३४, १४७, १८०. एप्रिलमध्ये ८७ आणि डिसेंबरमध्ये १८०, म्हणजे दुपटीहून जास्त. तिथल्या हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो आणि रस्ते ओले असतात. कुणी फेब्रुवारीत कायदा आणून एप्रिलमध्ये ‘डिसेंबरच्या मानाने मृत्यू निम्म्याने घटले’ असं जाहीर केलं असतं, तर त्यात कायद्याचा वाटा किती आणि ऋतूचा किती हे आकड्यावरून कळलं नसतं. म्हणून महिन्याचा परिणाम वेगळा काढावा लागतो.

साधी सरासरी काढा. कायद्याआधी महिन्याला सुमारे १२६ चालक मरत होते, नंतर सुमारे १००. पुढच्या आसनावरचे मृत किंवा गंभीर जखमी प्रवासी सुमारे ८७३ वरून ५७१ वर आले, म्हणजे ३५ टक्के घट. पण १९७३-७४च्या तेलसंकटापासून आकडे तसेही उतरत होते. सगळी घट कायद्याच्या नावावर लावणं बरोबर नाही. अँड्र्यू हार्वी आणि जेम्स डर्बिन यांनी १९८६मध्ये उतरता कल, ऋतू, कापलेलं अंतर आणि पेट्रोलचा भाव हे सगळं वेगळं काढून पाहिलं. पुढच्या प्रवाशांसाठी त्यांचं उत्तर सुमारे ३० टक्के आणि चालकांसाठी (मृत आणि गंभीर जखमी मिळून) सुमारे २३ टक्के असं आलं. परिणाम मोठाच राहिला, फक्त तो नेमका झाला.

या तक्त्यातला सगळ्यांत मोलाचा रकाना मागच्या आसनाचा. कायदा त्यांना लागू नव्हता. त्यांची सरासरी कायद्याआधी सुमारे ४०० होती, नंतर सुमारे ४०८. रस्तेच सुरक्षित झाले असते किंवा रहदारी घटली असती, तर मागचे प्रवासीही वाचले असते. ते वाचले नाहीत, म्हणून पुढच्यांची घट पट्ट्यामुळे झाली या म्हणण्याला बळ मिळतं. ज्यांच्यावर उपायाचा परिणाम व्हायला नको अशांचा एक गट तुमच्याही अभ्यासात शोधा.

मॉडेल बसवणं

एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये रिग्रेशन आहे, पण ते सरळ रेषेचं. मृत्यूंच्या संख्येला सरळ रेषा नीट बसत नाही, कारण रेषा शून्याच्या खाली जाऊ शकते आणि मृत्यू उणे होत नाहीत. शिवाय १०० मृत्यूंच्या जिल्ह्यातली चढउतार आणि ५ मृत्यूंच्या जिल्ह्यातली चढउतार सारखी नसते. मोजून येणाऱ्या संख्यांसाठी पॉयसन रिग्रेशन वापरतात. ‘आर’मध्ये ‘जीएलएम’ आदेशाला ‘पॉयसन’ असं कुटुंब सांगितलं की झालं. आदेश लिहायची सवय नसेल तर ‘जामोवी’ हे मोफत सॉफ्टवेअर माऊसने चालतं.

मॉडेल म्हणजे रिग्रेशनने आकड्यांवर बसवलेलं समीकरण. त्याच्या पायऱ्या या क्रमाने घ्या. आधी फक्त काळाचा कल आणि महिने. मग भाजक. मग ज्याचा परिणाम तपासायचा तो रकाना, आणि शेवटी इतर कारणं. प्रत्येक पायरीवर आपल्या रकान्याचा गुणांक, म्हणजे त्या रकान्याचा परिणाम किती हे सांगणारा मॉडेलमधला आकडा, लिहून ठेवा. एखादं कारण घातल्यावर तो एकदम बदलला तर तिथे थांबा आणि का बदलला हे शोधा. शिकायला सगळ्यांत जास्त तिथेच मिळतं.

भाजक सॉफ्टवेअरला दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक, ‘ऑफसेट’ म्हणून, म्हणजे वाहतूक दुप्पट तर मृत्यू दुप्पट असं गृहीत धरून. दोन, त्याचा लॉगरिदम साधा रकाना म्हणून, म्हणजे ते प्रमाण आकड्यांनाच ठरवू देऊन. स्मीडचं समीकरण आठवा आणि दुसरी तऱ्हा निदान एकदा करून पाहा. गुणांक १च्या जवळ आला तर ऑफसेट चालेल.

अनेक जिल्हे एकत्र घेत असाल तर प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचा स्थिरांक, म्हणजे त्याची स्वतःची मूळ पातळी, द्या. मग गडचिरोलीची तुलना ठाण्याशी होत नाही, गडचिरोलीची गडचिरोलीशीच होते. घाट, जंगल, रुग्णालयाचं अंतर, नोंदीची सवय असं जे वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही ते सगळं यात सामावतं.

किती कारणं घालायची? महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. एकाच वर्षाचा जिल्हानिहाय तक्ता असेल तर ओळी ३६च. त्यात तीन कारणांपेक्षा जास्त घालू नका. दहा कारणं घातली तर काहीतरी ‘लक्षणीय’ निघणारच, आणि ते योगायोगाने निघालेलं असेल.

एक सापळा फार सुशिक्षित माणसांनाही अडकवतो. रस्ता चौपदरी झाल्याने मृत्यू वाढले का, हा प्रश्न आहे. तक्त्यात वाहनांचा सरासरी वेगही आहे, म्हणून तोही मॉडेलमध्ये घातला आणि चौपदरीकरणाचा परिणाम नाहीसा झाला. पण रस्ता रुंद झाल्यामुळेच तर वेग वाढला! वेग ही कारण आणि परिणाम यांच्या वाटेवरची पायरी आहे. ती ‘तेवढीच धरली’ म्हणजे जो परिणाम मोजायला निघालो तोच पुसून टाकला. कोणतं कारण कशाच्या आधी येतं याचा बाणांचा नकाशा कागदावर काढा, मगच रकाने निवडा.

गुणांक वाचणं

समजा गाळप हंगामाचा गुणांक ०.१८ आला. पॉयसन मॉडेल लॉगरिदमवर चालतं, म्हणून ‘ई’ या संख्येचा (सुमारे २.७१८) तेवढा घात काढायचा. एक्सेलमध्ये ‘एक्स्प’ हे सूत्र वापरा. उत्तर १.२० येतं, म्हणजे बाकी तेवढंच असताना हंगामाच्या महिन्यांत मृत्यू सुमारे २० टक्के जास्त. गुणांक उणे ०.२७ असेल तर उत्तर ०.७६, म्हणजे २४ टक्के कमी.

पण एकच आकडा कधीही सांगू नका. सोबत विश्वास अंतराल येतो तो सांगा. ‘२० टक्के जास्त, आणि खरा आकडा ५ ते ३७ टक्क्यांच्या दरम्यान असण्याची शक्यता मोठी’ हे वाक्य लांब आहे, पण खरं आहे. अंतराल उणे ४ पासून अधिक ५० पर्यंत पसरला असेल तर तुमच्याकडे अजून उत्तर नाही. तो निकाल ‘परिणाम नाही’ असाही नाही. ‘एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही’ असं स्पष्ट लिहा आणि आणखी वर्षांचे आकडे मागवा.

योगायोग किती मोठा असतो याचा अंदाज हाताशी ठेवा. जिल्ह्यात महिन्याला सरासरी २५ मृत्यू होत असतील, तर काहीही न बदलता १५ ते ३५ यांच्यामध्ये कुठलाही आकडा येऊ शकतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये २५ आणि यंदा १८, म्हणून ‘मोहिमेमुळे मृत्यू २८ टक्क्यांनी घटले’ अशी बातमी करण्याजोगं त्यात काही नाही.

प्रत्यक्षातली चढउतार पॉयसन मानतो त्याहूनही जास्त असते, कारण एका बसच्या अपघातात अनेक माणसं एकदम जातात. १ जुलै २०२३ला बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर एका बसच्या अपघातात २५ जण मरण पावले. ही पंचवीस माणसं, पण घटना एक. तपासायला सोपं आहे : निकालातला ‘रेसिड्युअल डेव्हियन्स’ (मॉडेल खऱ्या आकड्यांपासून किती दूर राहिलं याचं माप) त्याच्या स्वातंत्र्य-मात्रांनी (‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’, म्हणजे ओळींची संख्या वजा मॉडेलमधल्या गुणांकांची संख्या) भागा. उत्तर १च्या आसपास असेल तर ठीक. दीड-दोन किंवा जास्त असेल तर जास्त चढउतार सामावून घेणारं ‘ऋण द्विपद’ (निगेटिव्ह बायनॉमियल) मॉडेल वापरा, आणि शक्य तिथे मृतांऐवजी प्राणांतिक अपघातांची संख्या घ्या. हे केलं नाही तर अंतराल खोटे अरुंद येतात आणि आपण खात्रीने चुकीचं बोलतो.

ब्लॅक स्पॉट आणि नुसतंच ओसरणं

या भागावर जास्त वेळ द्या, कारण सरकारी पैसा इथेच खर्च होतो. राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा टप्पा ब्लॅक स्पॉट ठरतो, जर मागच्या तीन वर्षांत तिथे प्राणांतिक किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले असतील, किंवा १० मृत्यू. मग तिथे रंबलर, फलक, दिवे, कधी उड्डाणपूल. पुढच्या तीन वर्षांत अपघात घटतात आणि उपाय यशस्वी ठरतो.

आता हे गणित करून पाहा. अगदी एकसारखे १०० टप्पे घ्या, प्रत्येकाचा खरा धोका तीन वर्षांत सरासरी ३ अपघात. पॉयसनप्रमाणे त्यातल्या १८ टप्प्यांवर केवळ योगायोगाने ५ किंवा जास्त अपघात होतील आणि ते ब्लॅक स्पॉट ठरतील. त्या १८ टप्प्यांची सरासरी ५.७ असेल. पुढच्या तीन वर्षांत, एक दगडही न हलवता, ती पुन्हा ३ वर येईल. म्हणजे जवळपास निम्मी घट, शून्य खर्चात. टोकाला गेलेली गोष्ट पुढच्या मापनात सरासरीकडे सरकते, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं. रिग्रेशन हे नावही तिथूनच आलं.

याचा अर्थ उपाय निरुपयोगी असतात असा नाही. वळण खरोखर वाईट असतं तिथे उपायाने जीव वाचतात. पण किती वाचले ते मोजायचं तर आधी आणि नंतर एवढं पुरत नाही. तेवढेच अपघात झालेले पण ज्यांच्यावर काम झालं नाही असे टप्पे शोधा आणि त्यांची घट वजा करा. असे टप्पे मिळाले नाहीत तर ज्या तीन वर्षांच्या आकड्यांवरून टप्पा निवडला गेला ती वर्षं बाजूला ठेवा आणि त्याआधीची वर्षं तुलनेला घ्या.

जिल्ह्याचा निष्कर्ष माणसाला लावू नका

डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५०मध्ये अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेवरून दाखवलं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. पण माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्त होती. स्थलांतरित लोक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. आपल्याकडे कुणी ‘परप्रांतीय जास्त असलेल्या जिल्ह्यांत अपघात जास्त’ असा आलेख काढला, तर तो हा धडा विसरलेला असतो. हायवे, कारखाने आणि गोदामं जिथे असतात, मजूर तिथे येतात आणि ट्रकही तिथेच धावतात. अशा आलेखाने माणसांवर आळ येतो, म्हणून इथे मी सगळ्यांत कडक राहीन. जिल्हावार माहितीवरून कोणत्याही समाजगटाबद्दल एक शब्दही लिहायचा नाही.

कायदा बदलला की

मोटार वाहन कायद्यातली वाढीव दंडाची दुरुस्ती देशात १ सप्टेंबर २०१९पासून लागू झाली. महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१मध्ये आणला. मधल्या काळात टाळेबंदी आली. त्यामुळे नुसतं २०१९ आणि २०२२ समोरासमोर ठेवून दंडाचा परिणाम सांगता येणार नाही. वेगळ्या तारखेला दंड आणणारी राज्यं शेजारी ठेवा, टाळेबंदीचे महिने वेगळे काढा आणि आधीच्या पाच वर्षांत दोन्ही राज्यांचा कल समांतर होता का हे आलेखावर पाहा. समांतर नसेल तर ही तुलना सोडून द्या.

निकाल मोडून पाहा

शेवटचा निकाल हाती आला की तो पाडायचा प्रयत्न करा. एकेक वर्ष वगळून मॉडेल पुन्हा चालवा. सगळ्यांत मोठा जिल्हा वगळा. परिणाम एका वर्षावर किंवा एका जिल्ह्यावर टांगलेला असेल तर लगेच कळेल. मग अवशेष, म्हणजे मॉडेलचा अंदाज आणि खरा आकडा यांतला फरक, काळाच्या क्रमाने मांडा. ते लाटेसारखे वरखाली जात असतील तर एक महिना पुढच्या महिन्याशी बांधलेला आहे आणि अंतराल पुन्हा नीट काढावे लागतील. एक खोटी चाचणीही घ्या : गाळप हंगामाचा रकाना मुद्दाम चार महिने सरकवा. तरीही २० टक्क्यांचा परिणाम दिसत असेल तर तो हंगामाचा नव्हता.

लिहिताना ‘मुळे’ हा प्रत्यय जपून वापरा. तुलनेचा गट आहे, काळाचा क्रम बरोबर आहे आणि दुसरी कारणं वेगळी काढली आहेत, तरच ‘मुळे’. नाहीतर ‘सोबत दिसतं’ असं लिहा. टक्क्यांबरोबर माणसांची संख्याही द्या. ज्या जिल्ह्यात हंगामाच्या पाच महिन्यांत एरवी १०० मृत्यू झाले असते, तिथे २० टक्के म्हणजे २० घरं.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीला निवेदन द्यायचं असेल तर दोन पानांच्या वर जाऊ नका. पहिल्या पानावर प्रश्न, एक आलेख, एक आकडा अंतरालासह आणि मागणी. दुसऱ्या पानावर माहिती कुठून घेतली, कोणते महिने वगळले आणि का. सोबत पूर्ण तक्ता आणि मॉडेलच्या पायऱ्यांची फाइल पेनड्राइव्हवर द्या, म्हणजे परिवहन किंवा बांधकाम विभागातल्या कुणालाही तेच गणित पुन्हा करून पाहता येईल. निवेदनाच्या पोचपावतीवर तारीख घ्या, आणि उपाय सुरू झाला त्या दिवसाची नोंद तक्त्यात नवा रकाना म्हणून त्याच दिवशी करा.